जुन्या गाडीची तुटलेली स्प्रिंग आणि गंजून बसलेले बोल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहतो आणि २००२ सालची मारुती झेन अजून रोज चालवतो. या गाडीची मागची स्प्रिंग एकदा तुटली, पुढची एकदा. दोन्ही वेळा आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली मी स्वतः पाना धरला. तेव्हापासून ओळखीतले लोक याच विषयावर विचारत असतात, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात. स्प्रिंगपेक्षा बोल्टांबद्दल इथे जास्त लिहिलं आहे, कारण स्प्रिंग बदलायला तासभर पुरतो आणि तिच्यापर्यंत पोचायच्या चार बोल्टांत अख्खा दिवस जातो.

स्प्रिंग तुटली आहे हे ओळखायचं कसं?

पुष्कळदा ती तुटून महिना झालेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. तुटते ती बहुधा अगदी खालच्या वेटोळ्यात, टोकापासून एक-दीड फेऱ्यावर. स्प्रिंग जिच्यात बसते त्या खालच्या वाटीत तुकडा तसाच बसून राहतो, गाडी जेमतेम बोटभर खाली येते, आणि आपण रस्त्याला दोष देत पुढे जातो.

आवाजाकडे लक्ष द्या. पुढची स्प्रिंग तुटली असेल तर गाडी उभी असताना स्टीयरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टंग’ असा ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज येतो. मागची असेल तर गतिरोधक उतरताना एकाच बाजूने खडखड होते. शंका आली की गाडी सपाट जागी लावा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. बोटभर फरक निघाला तर आत बघायलाच हवं. मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा चाकामागच्या फटीत धरा आणि व्हिडिओ काढा. मान वाकडी करून जे दिसत नाही ते त्यात दिसतं.

चांगली जाड पोलादी स्प्रिंग तुटते तरी कशी?

खड्ड्याने तुटली असं सगळे म्हणतात. खड्डा फक्त शेवटचा धक्का देतो. सुरुवात रंगापासून झालेली असते.

स्प्रिंगच्या खालच्या वाटीत चिखल आणि वाळू साठते. गाडी हलेल तशी ती वाळू स्प्रिंगवर घासते, रंगाचा पापुद्रा निघतो आणि तिथे गंजाचा बारीक खळगा पडतो. स्प्रिंगचं पोलाद फार कडक आणि सतत ताणाखाली असतं, त्यामुळे एवढासा खळगाही त्याला पुरतो. सगळा ताण त्या ठिपक्याभोवती गोळा होतो, तिथून चीर सुरू होते आणि प्रत्येक धक्क्याला किंचित वाढत जाते. माझ्या मागच्या स्प्रिंगचा तुकडा हातात घेतला तेव्हा ही सगळी हकिगत त्याच्या तोंडावर दिसत होती. कडेला नखाएवढी चंद्रकोर काळपट तपकिरी होती, म्हणजे तिथली चीर जुनी, पावसाळे बघितलेली. उरलेला भाग राखाडी, खरखरीत, चमकणारा. तेवढा भाग त्याच दिवशी तुटला होता.

आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हवेत मीठ असतं आणि जांभ्याचा लाल चिखल एकदा वाटीत बसला की ओल धरून ठेवतो. म्हणून कोकणातल्या गाडीची स्प्रिंग सोलापूरच्या गाडीपेक्षा लवकर जाते. समुद्राच्या ओल्या वाळूत गाडी घालून फोटो काढणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तो खारा चिखल घरी आल्यावर वरून नळ मारून निघत नाही.

तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर चालेल का?

गॅरेजपर्यंत, हळू, आणि तेही तुकडा टायरपासून लांब आहे हे डोळ्यांनी बघून. पुढच्या स्प्रिंगचं तुटलेलं टोक वाटीतून निसटलं तर ते टायरच्या आतल्या बाजूला जाऊन टेकतं. टायरची बगल पातळ असते. आंबा घाटाच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावर ती फाटली तर काय होईल, ते लिहायची गरज नाही. तुटलेलं टोक ब्रेकच्या रबरी पाइपावरही घासू शकतं. टोक टायरच्या जवळ असेल तर गाडी जागेवरून हलवू नका, टोइंगवाल्याला बोलवा.

वेल्डिंग करून भागेल का?

नाही. कोणी करून देतो म्हणाला तर तिथून गाडी काढा.

स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवून विझवतात आणि मग ठरावीक बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. तिची सगळी लवचिकता या दोन टप्प्यांतून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंना हे पाणी उतरतं. एक भाग मऊ पडतो, त्याला लागून दुसरा काचेसारखा ठिसूळ होतो. अशी स्प्रिंग पुन्हा तुटते, आणि आता मधूनच तुटते. गाडी खाली करण्यासाठी गॅसने वेटोळं कापणंही याच जातीचं काम आहे.

एकच तुटली आहे, तर दोन्ही का बदलायच्या?

पंधरा-वीस वर्षं वजन पेललेली स्प्रिंग थोडी बसलेली असते. शेजारी नवी घातली की गाडी एका बाजूला उंच राहते आणि ब्रेक मारताना ओढते. शिवाय जी तुटली तिने जे पाणी आणि जे खड्डे खाल्ले तेच दुसरीनेही खाल्ले आहेत. पुढची तुटली तर पुढच्या दोन्ही, मागची तुटली तर मागच्या दोन्ही. चारही एकदम बदलायलाच हव्यात असं नाही. वरचं रबरी माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर मात्र त्याच वेळी नवं घाला, ते पुन्हा उघडायला तेवढीच मजुरी पडते. शॉकअपमधून तेल गळत असेल तर तोही.

कोणती स्प्रिंग घ्यायची? भंगारातली चालेल का?

मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हे सांगून घ्या. डिझेल इंजिन जड असतं, त्याची पुढची स्प्रिंग वेगळी येते. स्प्रिंगवर रंगाचा ठिपका किंवा पट्टा असतो, तो तिच्या ताकदीची खूण असतो. जुनीवर तो दिसत असेल तर फोटो काढून दुकानात न्या. जमलं तर जुनी स्प्रिंग तुकड्यासकट न्या आणि नवीशेजारी उभी करून तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि टोकांचा आकार ताडून बघा.

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. दरवाजा, काच, दिवा तिथून जरूर घ्या. स्प्रिंग घेऊ नका. तुमची ज्या चिरेमुळे तुटली तशी चीर तिच्यातही वाढत असेल, आणि रंग मारून चकचकीत केलेल्या स्प्रिंगवर ती दिसत नाही.

मागे सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर दुकानदाराला ते सांगा. लोखंडी टाकी, तिची चौकट आणि आतला गॅस मिळून डिकीत एक माणूस कायमचा बसल्यासारखं वजन असतं. अशा गाडीच्या मागच्या स्प्रिंगा लवकर बसतात.

ऑम्नी आणि जिप्सीचं काय?

ऑम्नीला मागे आणि जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत, म्हणजे वेटोळ्यांऐवजी चपट्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ते काम पाटेवाल्याचं, त्याची पद्धत वेगळी. या पानावरचं बोल्टांबद्दलचं सगळं मात्र पाट्याच्या पिनांनाही लागू पडतं.

पुढची स्प्रिंग घरी बदलता येईल का?

मी स्वतः हौशी आहे, तरी स्पष्ट सांगतो: पहिल्यांदा करत असाल तर पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग घरी उघडू नका. स्ट्रट गाडीतून उतरवण्यापर्यंतचं काम करा आणि स्प्रिंग दाबून बदलायला गॅरेजमध्ये न्या.

कारण असं. मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो, इंडिका या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि वरचा मधला एक नट तिला अडवून धरतो. छोट्या गाडीच्या चाकावर दीडदोनशे किलो भार येतो, आणि स्प्रिंग त्या हिशोबाने बनवलेली असते. दाबलेली असताना तेवढी ताकद तुमच्या हातात असते. स्प्रिंग न दाबता मधला नट काढला तर वरची वाटी गोळीसारखी उडते. यात माणसं गेली आहेत.

बॉनेट उघडल्यावर मडगार्डवर जे बाहेरचे दोन-तीन नट दिसतात, फक्त ते सोडायचे. मधल्याला गाडीवर असताना हात लावायचा नाही. खाली नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट काढले की स्ट्रट बाहेर येतो. तेव्हा नकल बाहेरच्या बाजूला कलंडतं. ते तारेने वर बांधून ठेवा, नाहीतर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि ड्राइव्हशाफ्ट आतल्या जॉइंटमधून निसटतो. बोल्ट काढण्याआधी नकल आणि स्ट्रटवर एकच आडवी रेघ ओढून ठेवा, पुन्हा जुळवताना उपयोगी पडते.

स्प्रिंग दाबायचं हत्यार दोन बाजूंना समोरासमोर लावायचं आणि दोन्ही आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं, हाताच्या पान्याने. एअर गनने (हवेवर चालणाऱ्या पान्याने) नाही. स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आणि तुटलेल्या स्प्रिंगला हूक लावताना तो तुटक्या तुकड्यावर नव्हे, अखंड वेटोळ्यांवरच बसला आहे याची खात्री करायची. तुकडा दाबाखाली एकदम फिरतो आणि हूक सटकतो. आमचे मिस्त्री तुटकी स्प्रिंग दाबताना तिच्याभोवती जाड दोर गुंडाळतात. तीस वर्षं हे काम करणारा माणूस आजही दोर गुंडाळतो, यावरून काय ते समजा.

मागची स्प्रिंग तेवढीच धोक्याची आहे का?

झेन किंवा वॅगन आरसारख्या गाडीत नाही. तिथे मागे सरळ अ‍ॅक्सल असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. चेसिसखाली लोखंडी स्टँड लावायचे, पुढच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावायची, अ‍ॅक्सलखाली जॅक धरायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग सैल होते आणि हाताने निघते. लक्ष ब्रेकच्या रबरी पाइपावर ठेवा. अ‍ॅक्सल खाली जाताना तो ताणायला लागला की तिथेच थांबा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, विटांच्या थरावर तर मुळीच नाही. जांभ्याचा चिरा किंवा वीट वजनाखाली न सांगता फुटते.

इंडिकाची गोष्ट वेगळी. तिला मागेही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, म्हणजे पुढच्यासारखीच काळजी हवी.

बोल्ट इतका घट्ट का बसतो? पाना लावून लटकलं तरी हलत नाही.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे यांच्यात केसाएवढी फट असते. तिथे पाणी गेलं, गंज धरला की तो फुगून फट गच्च भरतो. तुम्ही आटे फिरवत नसता, दगड झालेल्या गंजाशी लढत असता. म्हणून नुसती ताकद लावली की गंज सुटायच्या आधी बोल्टाची मान तुटते. आधी गंज मोडायचा, मग बोल्ट फिरवायचा.

गंजलेल्या बोल्टाला तेल कोणतं आणि किती वेळ आधी?

बाजारात फवाऱ्याचं रस्ट ऑइल मिळतं, ते चांगलं. नसेल तर डिझेलही आत झिरपतं, फक्त वेळ जास्त घेतं. इंजिन ऑइल जाड असतं, त्याचा उपयोग नाही. तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्या आणि वाट मोकळी करून द्या. मारलं आणि लगेच पाना लावला तर ते वरच्या वर राहतं.

माझी रीत अशी: काम रविवारी असेल तर गुरुवारपासून रोज रात्री गाडी उभी केल्यावर तारेच्या ब्रशने आटे घासायचे, माती काढायची, तेल मारायचं आणि बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने चार-पाच ठोके द्यायचे. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि त्यांतून तेल शिरतं. दिवसभर गाडी फिरली की गरम-थंड होण्यानेही मदत होते. तीन रात्रींची ही पाच-पाच मिनिटं रविवारचे चार तास वाचवतात. ब्रेकच्या डिस्कवर आणि लायनरवर तेल उडू देऊ नका.

मग सोडवायचा क्रम काय?

पाना पहिल्यांदा सहा कोनांची गोटी असलेला. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाच्या कडा खाते, आणि एकदा नट गोल झाला की काम दुप्पट. नटाच्या कडांवर माती असेल तर गोटी पूर्ण बसत नाही, आधी घासून घ्या. जपानी घराण्याच्या गाड्यांत १० मिलिमीटरच्या बोल्टाला बहुधा १४ चा आणि १२ च्या बोल्टाला १७ चा पाना लागतो.

मग गोटी फिरवायला लांब टॉमी, म्हणजे दांडा. झटका न देता सलग जोर. आधी सोडायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने किंचित. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की समजा गंज मोडला. आता सोडायच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा आवळायच्या दिशेने थोडं, पुन्हा तेल. पुढेमागे करत काढायचा. सुटला म्हणून एका दमात फिरवत सुटलात तर गंजाची भुकटी आट्यांत चिणली जाते आणि अर्ध्यावर पुन्हा जाम होतो. फिरवताना बोल्ट रबरासारखा मऊ लागायला लागला तर थांबा, तो सुटत नाही, पिळवटतो आहे.

एवढ्याने नाही झालं तर एअर गन. तिचे छोटे वेगवान धक्के एका मोठ्या जोरापेक्षा गंजाला लवकर मोडतात. तेही नाही झालं तर नट फोडा. नट स्वस्त असतो. छिन्नीने किंवा ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांपर्यंत कापली की तो उमलतो आणि बोल्ट वाचतो.

गॅस लावू का?

उष्णतेसारखं दुसरं औषध नाही. पण शेवटी, आणि जागा बघून.

तापवायचं ते नटाला, बोल्टाला नाही. नट फुगतो, त्याची पकड ढिली होते. मंद लाल झाला की पुरे. पुढे काय तापवू नये ते नीट वाचा. स्प्रिंग तापवायची नाही, तिचं पाणी उतरतं. शॉकअप तापवायचा नाही, त्यात तेल आणि पुष्कळदा दाबाखालचा गॅस असतो, तो फुटतो. सांध्यातल्या रबरी बुशजवळ ज्योत नेली की रबर पेटतं. मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते. सीएनजी किंवा एलपीजीच्या गाडीखाली तर ज्योत नेऊच नका. तेल मारलेल्या बोल्टावर ज्योत नेण्याआधी ते पुसून काढा. ब्रेक क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण उडून जाऊ द्या. क्लोरीन असलेल्या क्लीनरवर वेल्डिंग केलं तर विषारी वायू तयार होतो.

एका गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांदेखत ब्रेकच्या पाइपापासून चार बोटांवर ज्योत लावली होती. पाइप वरून ठीक दिसत होता. मी तो बदलून घेतला, आणि जुना वाकवून पाहिला तर आतल्या बाजूला भेगा होत्या. तेव्हापासून मी ज्योतीसमोर ओला गोणपाट आणि पत्रा धरल्याशिवाय कोणालाही गॅस पेटवू देत नाही. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवाच.

नट निघाला, पण बोल्ट बुशमधून बाहेरच येत नाही. आता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि माझे दीड दिवस यातच गेले आहेत.

मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (अ‍ॅक्सलला गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) किंवा आडव्या रॉडच्या टोकाला रबरी बुश असतो. बुशच्या मधोमध लोखंडी नळी आणि तिच्यातून बोल्ट. नळी आणि बोल्ट यांच्यात पाणी शिरतं आणि दोघं गंजून एकजीव होतात. नट सहज सुटतो, आपल्याला वाटतं जिंकलो. मग बोल्टाचं डोकं फिरवावं तर ते फिरतं, पण सोबत नळी फिरते आणि रबर पिळलं जातं. पाना सोडला की बोल्ट परत जागेवर येतो. हे परत येणं हीच खूण.

इथे गॅस चालत नाही कारण रबर. हातोडीने ठोकलं तर बोल्टाचं तोंड छत्रीसारखं पसरतं आणि मग तो कशातूनच जात नाही. निदान नट तोंडाशी लेव्हल फिरवून त्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतील. माझ्या गाडीला दोन रात्री तेल, एअर गन, घण, सगळं झालं. शेवटी मिस्त्री म्हणाले, “आता बोल्ट वाचवायचा विचार सोडा. आपल्याला गाडी वाचवायची आहे.” आणि त्यांनी हॅकसॉचं पातं हातात घेतलं.

बुशची कड आणि ब्रॅकेटचा पत्रा यांच्यामध्ये फट असते. त्या फटीतून पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा. उच्च ताकदीचा बोल्ट सावकाश कापला जातो, बायमेटल पाती दोन-तीन लागतात. पात्याला तेल लावत राहा. ग्राइंडर वापरायचा तर पत्र्याला ओरखडा जाऊ देऊ नका, कारण ब्रॅकेट गाडीच्या अंगाला वेल्ड केलेलं असतं. बोल्ट आणि बुश सहज नवे मिळतात, ब्रॅकेट मिळत नाही. आर्म मोकळा झाला की प्रेसवर जुना बुश बोल्टाच्या तुकड्यासकट दाबून काढायचा आणि नवा बसवायचा. म्हणून स्प्रिंग आणायला जाल तेव्हा बुश आणि बोल्ट आधीच सोबत आणून ठेवा. उघडलेली गाडी स्टँडवर ठेवून दुकानाच्या फेऱ्या मारणं वाईट.

बोल्ट तुटला आणि अर्धा आत राहिला तर?

थोडाही भाग बाहेर असेल तर त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करा. नटाला पाना लावता येतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, दोन्ही कामं एकदम होतात. थोडं थंड होऊ द्या, मग फिरवा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, इंजेक्शनच्या गाडीत कंट्रोल युनिट असतं.

आत खोल तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून छिद्र पाडावं लागतं आणि इथे घाईला जागाच नाही. छिद्र तिरकं गेलं की भोवतीचे आटे गेले. उलट्या पिळाचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर मी जाम बोल्टासाठी वापरत नाही. तो काचेसारखा कडक असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही जात नाही. भाग सुटा होत असेल तर काढून लेथवाल्याकडे न्या. आटे गेलेच असतील तर तो मोठं छिद्र पाडून, टॅप मारून आत नवी आट्यांची गुंडाळी बसवून देतो.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घेतला तर?

फर्निचरचा बोल्ट गाडीच्या सस्पेन्शनला लावू नका. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, ती त्याची ताकद. जुन्यावर जो आकडा तोच नव्यावर हवा. आट्यांची पिचही, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरही, तीच हवी. १० मिलिमीटरचा बोल्ट १.५ पिचचाही मिळतो आणि १.२५ चाही, गाड्यांत बहुधा दुसरा असतो. चुकीचा लावला तर पहिले दोन आटे जातो आणि पुढे नटाचे आटे खातो. आटे नसलेला गुळगुळीत भागही तेवढाच लांब हवा, कारण बुशच्या नळीत तो भाग बसतो. शक्यतो कंपनीचाच घ्या. गॅसने तापलेला बोल्ट सरळ फेकून द्या, आणि आतून नायलॉनची कडी असलेला नट परत वापरू नका.

बसवताना ग्रीस लावू का?

बोल्टाच्या गुळगुळीत भागावर भरपूर लावा, बुशच्या नळीच्या आत बोट फिरवून लावा. पुढच्या वेळी पातं हातात घ्यावं लागणार नाही. आट्यांवर मात्र हात राखून. ग्रीस लागलेले आटे कमी जोरात जास्त आवळले जातात, त्यामुळे पुस्तकातल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळलं तरी बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट बसल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांवर जाड ग्रीस थापा. गंज तिथूनच आत शिरतो.

सगळं बसवलं, पण दोन महिन्यांत नवा बुश फाटला. असं का?

गाडी हवेत असताना बोल्ट आवळला म्हणून. चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये ही चूक होते. चाक लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत आवळलं की बुशची नळी तशीच पकडली जाते, आणि गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. सगळे बुशचे बोल्ट आधी नुसते हाताने लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा अ‍ॅक्सलखाली जॅक लावून वजन द्यायचं, दोनदा वरखाली हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. मिस्त्री नवे असतील तर समोर उभं राहून हे सांगा. चांगल्या मिस्त्रीला त्याचं वाईट वाटत नाही.

अलाइनमेंट लागेल का?

पुढचा स्ट्रट काढला तर लागेलच. नकलच्या बोल्टांत थोडी ढिलाई असते, तेवढ्यात चाकाचा कल बदलतो. दोन-तीन दिवस गाडी चालवून नव्या स्प्रिंगा बसू द्या आणि मग करा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.

विम्यातून खर्च मिळतो का?

झिजेने किंवा गंजाने मोडलेल्या भागाचा सहसा मिळत नाही. अपघातात तुटली असेल तर वेगळं. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्याआधी गाडीची तपासणी असते. ती जवळ आली असेल तर हे काम आधीच उरका.

मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथेही स्प्रिंगा तुटतात म्हणतो. तिथे कशाने?

तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. आमच्याकडे जे समुद्राची हवा करते ते तिथे हे मीठ करतं, आणि तुटलेल्या स्प्रिंगवर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. मुलाला सांगा, हिवाळा संपला की खालून धुऊन घे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दरवर्षी काय करावं?

पाऊस थांबला की, साधारण दिवाळीच्या आधी, गाडी लिफ्टवर घ्या आणि नुसतं अंग नाही तर स्प्रिंगच्या खालच्या वाट्या आतून धुऊन घ्या. वाटीच्या तळाला पाणी जायला भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असतं. जुन्या छत्रीची काडी घालून मोकळं करा. पाणी धारेने पडायला लागेपर्यंत काडी फिरवा. वाळल्यावर स्प्रिंगवर रंग उडालेला ठिपका दिसला तर पॉलिश पेपरने घासून तेवढ्यावर प्रायमर आणि रंग लावा. बाहेर राहिलेल्या आट्यांवरचं ग्रीस पुसून नवं थापा.